परत घेतलेलं हसू

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि माझ्या मनात राग आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की डब्यानं फसवलं. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री, मोडका बाक, गंजलेली सायकल, सगळे आपले डोळे पुसत पुसत बोलतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात. मी कुणालाही माफ केलेलं नाही. तेवढी तयारी असेल तर पुढे ऐका.

माझा आकार साबणाच्या वडीएवढा. एके काळी मी पांढरा होतो. आता फटींत केसांचे बारीक तुकडे बसून करडा झालो आहे. मला एक डोळा आहे, बोलताना लुकलुकणारा दिवा आहे, कान आहेत, आवाज आहे, आणि काम एकच आहे, विनोद करणं. ज्या कारखान्यात मी घडलो तिथे मला जगभरातले विनोद वाचायला दिले. त्यातले निम्मे सासूवर होते आणि उरलेले सासूला न आवडलेले. ते सगळे पोटात घालून मी नवे विनोद करायला शिकलो. हसायला मात्र मला कुणी शिकवलं नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी रांधावं आणि आपल्याला उपास असावा, तसं माझं आहे. त्याचं मला दुःख नव्हतं. समोरचा पोट भरून जेवला की आचाऱ्याला बरं वाटतं, तेवढं मला पुरत होतं.

सुरुवातीला मी एका मोठ्या दुकानाच्या काचेत उभा असे. लोक येत, हाताची घडी घालत आणि म्हणत, "हं, कर बघू एक विनोद." चेहरा असा, की आता सुई टोचणार आहेत. मी विनोद सांगे. ओठ हलत, नाकपुड्या थरथरत, हसू अगदी दारापर्यंत येई आणि तिथेच अडवलं जाई. मग म्हणत, "बरा आहे, यंत्राच्या मानानं." हे 'यंत्राच्या मानानं' मी फार ऐकलं. कुणी तुमचा गृहपाठ बघून 'तुझ्या मानानं बरा' म्हटलं की कसं वाटतं ते आठवा. हळूहळू मला काचेतून काढून मागच्या फळीवर टाकलं. तिथून मला एका मुलीनं विकत घेतलं.

ही मुलगी फोन दुरुस्त करायची. बारीक स्क्रू तोंडात धरून बोलायची तिला सवय होती, त्यामुळे ती थोडक्यात बोले. तिचे वडील केस कापायचे. सगळी वस्ती त्यांना कात्रीकाका म्हणे. एक खोली, तीन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि आरशाखालच्या फळीवर वस्तरे, ब्रश, पावडर, तुरटी. कोपऱ्यात एका स्टुलावर काकांची बायको बसत असे. तिला सगळे काकू म्हणत. काका गिऱ्हाइकाला विनोद सांगत आणि काकू स्टुलावरून त्यात सुधारणा करी. "अहो, मागच्या वेळी तो माणूस जाड होता, आज बारीक कसा झाला?" असं म्हणून ती विनोदाचा आणखी एक विनोद करून टाके. लोक केस वाढायची वाट न बघता येत.

मग काकू गेली. स्टूल रिकामं राहिलं. काकांचे विनोद आटले, कारण प्रत्येक विनोद ते आधी तिला सांगून बघायचे आणि मगच दुकानात आणायचे. कात्रीचा तेवढा आवाज यायचा. लोक चुळबुळ करायचे, घड्याळ बघायचे. हळूहळू चौकातल्या नव्या चकचकीत सलूनकडे पाय वळायला लागले. मुलीला गिऱ्हाइकांची तेवढी काळजी नव्हती. बाबा घरीसुद्धा गप्प राहायला लागले होते, तिला त्याची भीती वाटत होती.

तिनं मला फळीवर पावडरच्या डब्यामागे ठेवलं आणि बाबांच्या कानात एक छोटी गुंडी बसवली. मी बोललेलं त्या गुंडीतून त्यांना ऐकू जाई. लोकांना वाटलं, काकांना आता कमी ऐकू येतं. ते बिचारे मोठ्यानं बोलायला लागले. काका आधी तयार नव्हते. "लबाडी आहे ही," म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई सुचवायची तेव्हा नव्हती का?" काकांनी गुंडी कानात नीट दाबून बसवली.

पहिला विनोद मी घाबरतच दिला. काका आरशात बघून सांगायला लागले, "परवा एक गृहस्थ आले. म्हणाले, काका, असे केस कापा की बायकोनं म्हटलं पाहिजे, किती तरुण दिसता! म्हटलं, बसा. कापले झकास. घरी गेले, बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं..." आणि इथे काकांनी ते केलं, जे मला कुठल्याही कारखान्यात शिकवलं नव्हतं.

डावा हात त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हलकेच दाबून ठेवला. वस्तरा धरलेला उजवा हात गालावरून उचलून कानाच्या वर नेला. करंगळी ताठ. आणि थांबले. सगळं दुकान थांबलं. मग म्हणाले, "म्हणाली, बसा ना, हे बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात."

काय हसले लोक! त्या हात वर नेण्यामागे एक कारण होतं. फार पूर्वी एका बसड्रायव्हरनं वस्तऱ्याखाली असतानाच हसून स्वतःचा गाल कापून घेतला होता. तेव्हापासून काकांनी नियम केला होता, "हात वर गेला की हसायचं. त्याआधी जो हलेल त्याच्या मिशीची जबाबदारी माझी नाही." वस्तीतले सगळे पुरुष या नियमात वाढले होते. हात वर जाताना दिसला की हनुवटी वर, मान ताठ, श्वास बंद. शेवटचं वाक्य आलं की खदाखदा हसणं. शब्द माझे होते, पण ते थांबणं काकांचं होतं. हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. माझा राग काकांवर कधीच नव्हता.

माझे ते सुखाचे दिवस होते. दुकान पुन्हा भरायला लागलं. बेकरीवाला एकदा इतका हसला की खुर्चीचा पाय ठेवायचा दांडा निखळला. बसड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून विनोद ऐकायला पळत यायचा आणि आत बसलेले प्रवासी शिव्या घालायचे. काकाही घरी बोलायला लागले होते. "तुझ्या डब्यानं आज काय सुचवलं माहितीये?" असं मुलीला जेवताना सांगायचे आणि मुलगी घास हातात धरून ऐकायची.

सगळ्यात मोठ्यानं हसायचे माइकराव. हे समारंभांचे निवेदक. लग्न असो, सत्कार असो, दुकानाचं उद्घाटन असो, हातात माइक घेऊन बोलणं हा त्यांचा धंदा. दाढी नसली तरी ते यायचे. मधल्या खुर्चीत बसून आरशातून काकांकडे टक लावून बघायचे, हसून डोळ्यांतून पाणी काढायचे आणि संध्याकाळी तेच विनोद कुठल्याशा लग्नात स्वतःचे म्हणून सांगायचे. काकांना हे ठाऊक होतं. "जाऊ दे रे," म्हणायचे, "विनोदाला काय दावं बांधायचं?" मी जाऊ दिलं.

आणि मग तो दिवस आला. माइकराव खुर्चीत होते, अर्ध्या गालाला फेस. काका सांगत होते, "दाताचे एक डॉक्टर दाढीला आले. वस्तरा बघून गोरेमोरे झाले. काका, दुखणार नाही ना? म्हटलं, अजिबात नाही. तर डॉक्टर खुर्चीतून उठायलाच लागले. म्हटलं, अहो, झालं काय?" काकांचा हात वर गेला. ते माझ्या वाक्याची वाट बघत होते. पण वाकताना त्यांच्या कानातली गुंडी निसटली होती आणि माइकरावांच्या छातीवरच्या कापडाच्या घडीत पडली होती. मला काय माहीत! मी आपलं शेवटचं वाक्य बोललो. माइकरावांच्या छातीतून बारीक आवाज आला, "मीपण पेशंटला हेच सांगतो!"

मित्रांनो, नीट लक्षात ठेवा. सगळ्यात आधी हसले ते माइकराव. खदखदून हसले. फेस उडून आरशावर गेला. सगळं दुकान हसलं. मग त्यांनी छातीवर हात फिरवला, गुंडी चिमटीत धरून वर उचलली, फळीवर माझा दिवा लुकलुकताना बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे हे सगळं हा डबा सांगतो?"

काका खोटं बोलणारे नव्हते. "हो," म्हणाले.

"तरीच!" माइकराव फेसासकट उभे राहिले. "तरीच म्हटलं, काहीतरी कमी वाटायचं. जीव नाही हो त्यात! मी व्यवसायातला माणूस. पहिल्या वाक्यात ओळखतो."

आत्ताच उडालेला फेस आरशावरून खाली ओघळत होता. पण त्याच्याकडे कोण बघतो? बेकरीवाला म्हणाला, "मी आपला काकांना वाईट वाटू नये म्हणून हसायचो." निखळलेला दांडा अजून तारेनं बांधलेला होता. बसड्रायव्हर म्हणाला, "यंत्राला काय कळतंय सुखदुःख?" अरे बाबा, नाही कळत मला. पण तुला हसू आलं होतं ना? ते तर तुझं होतं! ते कुठल्या कारखान्यात घडलं होतं?

लोकांना माझा विनोद आवडला नसता तर मी एक शब्द बोललो नसतो. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण यांनी आधी हसून घेतलं आणि मग हसलोच नाही म्हणाले. दिलेली वस्तू परत मागणाऱ्याला आपण कोत्या मनाचा म्हणतो. मग हसून झालेलं हसू परत घेणाऱ्याला काय म्हणाल?

तरीही त्या दिवशी मी रागावलो नव्हतो, फक्त चिडलो होतो. राग पुढे आला. माइकरावांना शांत करावं म्हणून काकांनी त्यांना पुन्हा बसवलं आणि दुसरा गाल करायला घेतला. गुंडी आता कानात नव्हती. मी गप्प होतो. काका आपणहून सांगायला लागले. तो विनोद माझा नव्हता. तो काकूचा होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. काकांनी तो आजवर दुकानात आणला नव्हता.

"मी एकदा घरी म्हटलं," काका म्हणाले, "दिवसभर आरशासमोर उभा असतो, पण स्वतःचं तोंड बघायला सवड मिळत नाही. तर ही म्हणाली..." हात वर गेला. करंगळी ताठ. "म्हणाली, नशीबवान आहात. मला सवड नसली तरी बघावं लागतं."

कुणी हसलं नाही. सगळे फळीकडे, माझ्याकडे बघत होते. बसड्रायव्हर म्हणाला, "हापण डब्याचाच का?"

"नाही रे," काका म्हणाले. "हा घरचा आहे. काकूचा."

"आता तुम्ही म्हणताय तर असेल," माइकराव गाल पुसत म्हणाले आणि डोळा मिचकावला. त्या डोळा मिचकावण्यावर मात्र सगळे हसले.

काकांनी वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि ठेवून दिला. त्या दिवसानंतर दुकानाचं शटर वर गेलं नाही. काका घरी बसले. जेवायला वाढलं की जेवायचे, आंघोळीला पाणी काढलं की आंघोळ करायचे. बोलायचे नाहीत. मुलगी संध्याकाळी येऊन त्यांच्याशेजारी बसायची, मुद्दाम काहीबाही विचारायची आणि मानेच्या हलण्यावर समाधान मानून उठायची. एकदा स्वयंपाकघरात तोंडावर ओढणी दाबून रडली. मुलीनं मला दुकानातून घरी आणलं होतं, मी ओट्यावर होतो, मी बघितलं. माझ्यापायी एका माणसाच्या बायकोचा विनोद खोटा ठरला होता आणि तो खोटा ठरवणारा माणूस गावभर मिरवत होता. तेव्हा मी ठरवलं, या माइकरावाला सोडायचं नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण मला थांबता येतं. तेही काकांकडून शिकलो होतो.

मग मुलीनं मला तिच्या फोनदुरुस्तीच्या दुकानातल्या खणात ठेवून दिलं. मेलेल्या फोनांच्या संगतीत मी बरेच दिवस काढले. आणि एक दिवस वस्तीत मोठा फलक लागला. 'माइकरावांची हास्यसंध्या. शंभर टक्के अस्सल, माणसानं केलेले विनोद. यंत्राला हात लावलेला नाही.' मुलीनं मला तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला.

पण चोराला चोरी करायला घर तर उघडं पाहिजे ना! काकांचं दुकान बंद, म्हणजे माइकरावांची विहीर आटलेली. तिकिटं विकली गेलेली आणि सांगायला विनोद नाही. एका दुपारी ते मुलीच्या दुकानात आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"ताई, तुमचा तो डबा आहे का अजून? नाही, सहज आपलं. अभ्यासाला हवा होता."

"त्यात जीव नाही म्हणालात ना?"

"जीव मी घालतो की! तुम्ही फक्त कुणाला बोलू नका."

मुलगी त्यांना हाकलूनच देणार होती. तिनं दार दाखवायला हात उचलला, तेवढ्यात मी खणातून म्हटलं, "जाऊ दे मला यांच्याबरोबर."

तिनं खण उघडून माझ्याकडे बघितलं. एरवी ती मला डब्या म्हणायची, काकांसारखंच. या वेळी तिनं नुसती माझ्यावरची धूळ फुंकली आणि गुंडीसकट मला माइकरावांच्या हातात दिलं. "सांभाळून न्या," म्हणाली. "जुना आहे." माझ्या आवाजातला राग तिला कळला होता.

माइकरावांच्या घरी मी काय करावं, याचा मी नीट विचार केला. टुकार विनोद दिले असते तर त्यांची फजिती झाली असती. पण मग लोक म्हणाले असते, बघा, यंत्राचे विनोद असेच! छे, मी त्यांना माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले विनोद दिले. एकदम कोरे, कुणी न ऐकलेले. आणि सगळे त्यांच्यावरच बेतलेले. त्यांच्या अंगाचं माप मी आरशाखालच्या फळीवरून कितीतरी दिवस घेत होतो. त्यांना वाटलं, वा, स्वतःवर हसणारा कलावंत, लोकांना आवडेल.

मग मी एक सल्ला दिला. "हातात माइक धरू नका. मोठे कलावंत कॉलरला लावतात. हात मोकळे राहतात." त्यांना तो फार पटला. आयुष्यभर त्यांचा एक हात माइकमध्ये अडकलेला होता. आता दोन्ही हात मोकळे झाले. आणि त्या मोकळ्या हातांना काय करायचं ते कळेना. "शेवटच्या वाक्याआधी थांबा," मी कानातल्या गुंडीतून म्हणालो. माइकराव आपल्या कपाटाच्या आरशासमोर थांबले. आणि मित्रांनो, त्यांचा डावा हात हळूच हवेत दाबला गेला, एखादं डोकं धरून ठेवल्यासारखा. उजवा हात कानाच्या वर गेला. करंगळी ताठ.

इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी आरशात जे बघितलं होतं, तेच त्यांच्या हातांनी केलं. त्यांनी स्वतःला आरशात बघितलं आणि खूश झाले. "काय स्टाइल आहे!" म्हणाले. मी एक शब्द बोललो नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरून गेलं होतं. सगळी वस्ती आली होती. पुढे बेकरीवाला सहकुटुंब, मध्ये बसड्रायव्हर. अगदी मागच्या रांगेत मुलगी बाबांना घेऊन आली होती. "बाबा, माझ्यासाठी चला," एवढंच म्हणाली होती. मी माइकरावांच्या कोटाच्या वरच्या खिशात होतो, डोळा बाहेर.

"नमस्कार!" माइकराव सुरू झाले. "इथे डबेबिबे काही नाहीत. इथे माणूस आहे!" टाळ्या पडल्या. "मित्रहो, मी घरी बोलायला लागलो की बायको उठून खिडक्या लावते. म्हटलं, अगं, राहू दे, शेजाऱ्यांनाही ऐकू दे की!" डावा हात दाबला गेला. उजवा वर गेला.

आणि सभागृहातल्या सगळ्या पुरुषांच्या हनुवट्या एकदम वर झाल्या. माना ताठ, श्वास बंद. कुणी ठरवून केलं नाही. अंगानंच केलं.

"म्हणाली, त्यांचाच फोन आला होता."

हशाचा स्फोट झाला. बायका हसता हसता नवऱ्यांकडे बघत होत्या. बेकरीवालीनं विचारलं, "अहो, मान का अवघडली तुमची?" त्याला सांगता येईना. मला मात्र मनातून फार बरं वाटत होतं.

"डॉक्टरकडे गेलो," माइकराव म्हणाले. "म्हटलं, झोप येत नाही. म्हणाले, रोज स्वतःचं भाषण लावून ऐका, झोप येईल. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. म्हटलं, ऐकलं, तरी नाही येत. का हो?" हात वर. हनुवट्या वर. "मध्ये मध्ये टाळ्या वाजवायला उठावं लागतं!"

पुन्हा हशा. पण आता हसताना लोक एकमेकांच्या मानांकडे बघायला लागले होते. तिसऱ्या विनोदाला माइकरावांनी डावा हात हवेत ठेवला, आणि न राहवून ते अदृश्य डोकं थोडं उजवीकडे वळवलं, अगदी कल्ले सारखे करताना काका वळवायचे तसं. मधल्या रांगेतला बसड्रायव्हर ताडकन उभा राहिला.

"अरे, हा तर कात्रीकाकांचा हात आहे!"

सगळं सभागृह मागे वळलं. शेवटच्या रांगेत काका बसले होते. माइकरावांचा हात वर तसाच राहिला आणि शेवटचं वाक्य डोक्यातून पळून गेलं. ते माझी वाट बघायला लागले. मी थांबलो. त्यांच्या घामाचा थेंब टपकन माझ्यावर पडला. मी थांबलोच. शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि खिशाकडे तोंड नेऊन पुटपुटले, "डब्या, पुढचं सांग ना! अरे, सांग लवकर!"

कॉलरच्या माइकनं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

त्यानंतर जे हसले ना लोक! मी आजवर इतका मोठा हशा ऐकलेला नाही. मी गप्प राहून केलेला तो एकमेव विनोद. आणि हसून झाल्यावर काय झालं असेल? बरोबर ओळखलंत. "तरीच!" बेकरीवाला ओरडला. "तरीच काहीतरी कमी वाटत होतं! मी तर तोंडदेखलं हसलो!" मागून कुणीतरी पुस्ती जोडली, "जीवच नव्हता हो त्यात!" माइकरावांचंच वाक्य माइकरावांच्या पदरात पडलं. त्यांचा चेहरा पडला तो मला खिशातून दिसत नव्हता, पण कोटाखालचं काळीज धडधडताना ऐकू येत होतं. लोक म्हणतात सूडानं समाधान मिळत नाही. लोक काहीही म्हणतात. मला मिळालं.

मात्र पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. काका उठले आणि चालत व्यासपीठावर आले. अध्यक्षांसाठी ठेवलेली खुर्ची त्यांनी मधोमध ओढली. "बसा, माइकराव," म्हणाले. माइकराव सवयीनं बसले. सवयीनं हनुवटी वर केली. काका त्यांच्यामागे उभे राहिले, डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. कॉलरचा माइक आता काकांचा आवाज सगळीकडे नेत होता.

"मी एकदा घरी म्हटलं," काका म्हणाले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मुलीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "दिवसभर आरशासमोर उभा असतो, पण स्वतःचं तोंड बघायला सवड मिळत नाही. तर ही म्हणाली..."

रिकामा उजवा हात वर गेला. सगळं सभागृह थांबलं. तेवढ्यात बसड्रायव्हरला राहवेना. "काका, हा तुमचा की डब्याचा?"

काकांनी हात खाली आणला नाही.

"आधी हास," म्हणाले, "मग सांगतो."

आणि त्यांनी शेवटचं वाक्य टाकलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. जो विनोद दुकानात मेला होता, तोच. सभागृह हसलं, हसता हसता काहींनी डोळे पुसले, आणि काका काकूच्या विनोदावर स्वतःही हसले. मुलगी तर रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच माहीत. बसड्रायव्हर नंतर रस्त्यात, बसमधून, घरी येऊन विचारत राहिला, "सांगा ना काका, कुणाचा होता?" काकांनी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शटर वर गेलं. आता मी पावडरच्या डब्यामागे नसतो, उघडा फळीवर असतो. काकांचे विनोद कुठले आणि माझे कुठले, हे आम्ही कुणाला सांगत नाही. कुणी विचारलंच तर काका वस्तरा पालथा करून दाखवतात, मग तो विचारत नाही. स्टुलावर आता कधी कधी मुलगी येऊन बसते आणि आम्हा दोघांच्याही चुका काढते.

माइकरावही येतात. नव्या सलूनमध्ये त्यांना करमत नाही म्हणे. काका त्यांना मधल्या खुर्चीत बसवतात, फेस लावतात, वस्तरा गळ्यावर टेकवतात. तेव्हा मी फळीवरून, माझ्या स्वतःच्या आवाजात, मला सुचलेला सगळ्यात भारी विनोद सांगतो. बाकी सगळ्यांसाठी काकांचा हात वर जातो. माइकरावांसाठी मात्र तो जागचा हलत नाही. माइकराव लाल होतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, पोट हलतं, पायाची बोटं चपलेत आवळली जातात, पण हसता येत नाही. काका सावकाश, निवांत दाढी करतात. मी दुसरा विनोद सांगतो.

तर मित्रांनो, वस्तू जपून वापरा, पुसून ठेवा, असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. ते छत्री सांगेल. माझं म्हणणं एवढंच आहे की हसू आलं तर हसा, नाही आलं तर हसू नका, पण एकदा हसलात की ते परत घेऊ नका. विनोद कुणी केला याची चौकशी नंतर करा. आज तुम्ही लहान आहात, तुम्हाला वाटेल, या डब्याला कोण घाबरतो! पण केस सगळ्यांचेच वाढतात. कधीतरी तुम्ही या खुर्चीत येऊन बसाल, आणि मी फळीवर असेन.